हे तुझे कोण लागतात?

माझी नात साडेचार वर्षांची होती तेव्हा बारामतीच्या भर बाजारात लोकांनी मला पोरं पळवणारा समजून मारलं. ती माझ्या कडेवर होती. पहिला फटका मागून उजव्या कानावर बसला, आणि कोणी मारलं ते बघायला वळलो तर दुसरा तोंडावर. दाढ तिथंच गेली.

मी इंदापूरजवळच्या वरकुट्याचा. पेरू आणि डाळिंबाची बाग आहे. थोरला भाऊ वारल्यापासून त्याचा मुलगा माझ्याबरोबरच शेती बघतो. लेक बारामतीला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला, जावई कंपनीत पाळीवर. मुलगी सांभाळायला त्यांनी एक बाई ठेवली होती, तिची गुरुवारी सुट्टी असे. म्हणून गुरुवारी सकाळच्या यष्टीनं मी बारामतीला जायचो, दुपारी नातीला शाळेतून घ्यायचो आणि लेक कामावरून येईपर्यंत तिच्याबरोबर असायचो.

बंद फ्लॅटमध्ये आम्हा दोघांनाही करमत नसे. जेवण झालं की आम्ही बाहेर पडायचो. आधी रेल्वे स्टेशन. बारामतीला गाडी येऊन थांबते, तिथून पुढं जात नाही, याचं तिला फार नवल वाटे. "आबा, तिला पुढं जायचं असेल तर?" असं ती दर गुरुवारी विचारायची आणि मी दर वेळी सांगायचो की तिला पुढं जायचंच नाही, ती दमलेली असती. मग कऱ्हेच्या पुलावर थोडा वेळ, मग बागेतली घसरगुंडी, शेवटी बाजार. रस्त्यानं ती पाट्यांवरची अक्षरं वाचायची आणि दुकानदारांना सांगायची, "मी आबांना फिरवायला आणलंय." लोक हसायचे. मला त्याचा मोठेपणा वाटायचा.

ती दिसायला माझ्यासारखी मुळीच नाही. जावयाच्या आईचा रंग आणि घारे डोळे घेऊन आलेली. मी उन्हात रापलेला, काळा. त्यात त्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तोंडाला पाणी लावायचं नाही, दाढी करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. दाढी पांढरी, खुंटासारखी वाढलेली, आणि डोळ्यांवर दवाखान्यातून मिळालेला तो मोठा काळा चष्मा. लेक म्हणालीही, "आबा, ह्या आठवड्याला नका येऊ." पण एक गुरुवार आधीच चुकला होता, म्हणून मी गेलो.

त्याच दिवसांत सगळ्यांच्या मोबाइलवर एक बातमी फिरत होती. पोरं पळवणारी टोळी आलीय, साधूच्या नाहीतर भिकाऱ्याच्या वेशात असते, गुंगीचं औषध हुंगवते. पोलिसांनी ही अफवा आहे म्हणून सांगितलं, पण ऐकतंय कोण? आमच्या वरकुट्यातसुद्धा पोरं काठ्या घेऊन गावाबाहेरच्या रस्त्यावर बसायची. माझा पुतण्या त्यांच्यात होता. एकदा त्यांनी एका चादरी विकणाऱ्याला अर्धा तास उन्हात उभं करून ठेवलं होतं.

त्या दिवशी नातीला खोकला होता. बर्फाच्या गोळ्याची गाडी दिसली आणि तिनं हट्ट धरला. आईनं गोळा देऊ नका म्हणून सांगितलेलं, त्यामुळं मी नाही म्हणालो. ती रस्त्यातच बसली, मग आडवी झाली. शाळेचा फ्रॉक, पांढरे मोजे, सगळं धुळीत. मी तिला उचलून कडेवर घेतलं आणि चालू लागलो. ती पाय झाडत होती, माझ्या छातीवर बुक्क्या मारत होती आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "मला सोड! मला मम्मीकडे जायचंय!"

एक बाई आडवी आली. चांगल्या घरची, हातात भाजीची पिशवी. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि माझ्याशी न बोलता नातीला विचारलं, "बाळा, हे तुझे कोण लागतात?"

नात रागानं लाल झालेली. माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "कोणी नाही."

मी हसलो. खरंच हसलो. म्हणालो, "ताई, नात हाय माझी, गोळा दिला न्हाय म्हणून रुसलीय." बाईनं तिला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. बाई मागं सरली आणि कोणाला तरी हाक मारली. त्यानंतर कानावर पहिला फटका बसला.

माणूस मार खातो तेव्हा त्याला काय दिसतं ते मला विचारा. पाय दिसतात. चपला, बूट, एकाचा धुळीनं भरलेला अंगठा. मी गुडघ्यावर आलो, पण नातीला सोडलं नाही. सोडलं असतं तर ती तुडवली गेली असती. मी तिच्यावर ओणवा झालो तर त्यांना वाटलं की मी तिला दाबतोय. "सोड तिला, सोड," असं ओरडत त्यांनी पाठीत लाथा घातल्या. बरगडी मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. मी म्हणत होतो, "ऐका, माझं ऐका." माझ्या पिशवीतले लेकीसाठी आणलेले पेरू रस्त्यावर सांडले आणि पायांखाली फुटले. पिशवीतनं डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली निघाली. ती वर धरून कोणीतरी ओरडलं, "हे बघा गुंगीचं औषध!" तिथून पुढं मला मारणाऱ्यांना शंकाच राहिली नाही.

त्यातला एक माणूस मी विसरलेलो नाही. चष्मा, शर्ट पँटीत खोचलेला, कुठल्या तरी कचेरीतून घरी निघालेला असावा. त्यानं हातातली डब्याची पिशवी दुकानाच्या पायरीवर नीट ठेवली, ती कलंडत नाही ना ते पाहिलं, आणि मग येऊन माझ्या डोक्यात मारलं. नातीला विचारणाऱ्या त्या बाईनं पिशवी फिरवून घातली. त्या पिशवीत नारळ असावा. माझा काळा चष्मा फुटला आणि ऑपरेशनच्या डोळ्यात सुई गेल्यासारखी कळ आली. तोंडासमोर कोणाचा तरी हात आला, त्याला मी कडकडून चावलो. रक्ताची चव आली. माझं होतं का त्याचं, कोणास ठाऊक.

तेवढ्यात एका लाल टीशर्टवाल्या पोरानं गर्दी फोडून माझा गळा धरला, मला मागं रेटलं आणि नातीला माझ्या हातातून हिसकलं. ती "आबा" म्हणून ओरडली. गोळ्यावरून रुसल्यापासूनचा तिचा पहिला "आबा". तो कोणाला ऐकू आला नाही. ती गेली आणि माझे हात रिकामे झाले, तेव्हा मात्र मी गुरासारखा ओरडलो. त्यानंतर मार चालूच राहिला, पण मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. डोक्यात एकच होतं, पोर कोणी नेली.

पोलिसांची गाडी आली. दोन हवालदारांनी काठ्या चालवत वाट केली, त्यातली एक मलाही लागली. त्यांनी मला गाडीत टाकलं. गर्दी गाडीवर हात आपटत होती. मोबाइल फुटला होता आणि लेकीचा नंबर मला पाठ नव्हता. मी नुसता वरकुटं, वरकुटं म्हणत राहिलो.

शुद्धीवर आलो तेव्हा मी दवाखान्यात होतो, दोन्ही डोळ्यांना पट्टी होती आणि लेकीचा हात माझ्या हातात होता. पोर सुखरूप आहे, घरी आहे, एवढं तिनं आधी सांगितलं. मग विचारलं, "आबा, तिनं लोकांना सांगितलं का न्हाई, तुमी तिचे आबा हाय म्हणून?"

मी म्हणालो, "रडत व्हती. बोलायचं सुधरलं न्हाय तिला."

पोलिसांनाही मी तेच सांगितलं. लोकांनी काढलेला व्हिडिओ मार सुरू झाल्यानंतरचा होता, त्यामुळं नातीचं बोलणं कुठंच नव्हतं.

ते दिवस मी कसे काढले ते सांगतो. पट्टीखाली अंधार होता आणि त्या अंधारात मी माणसं मारत होतो. डब्याच्या पिशवीवाल्याला मी बागेतल्या छाटणीच्या कात्रीनं बोट बोट करून कापलं. त्या बाईचं डोकं तिच्याच नारळासारखं फोडलं. लाल टीशर्टवाल्याला विहिरीत धरून बुडवलं. नर्स येऊन सुई टोचताना मुठी उघडायला सांगायची, तेव्हा कळायचं की त्या वळलेल्या आहेत. बायको उशाशी बसून रामराम म्हणायची. तिला मी काय करतोय ते कळलं असतं तर तिनं खुर्ची लांब घेतली असती.

पुतण्या पहिल्या दिवशी आला, माझ्याकडं बघितलं आणि तसाच माघारी गेला. नंतर येईना. लेक म्हणाली, बागेत काम असंल.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी चांगल्या डोळ्याची पट्टी निघाली. दुपारी लेक नातीला घेऊन आली. नात दारातच उभी राहिली. माझं तोंड सुजलेलं, निळं पडलेलं. मी हात केला तरी ती आली नाही, आईच्या पदराआडून बघत राहिली. त्याच वेळी पुतण्या आला. चेहऱ्यावर समाधान होतं. माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "आबा, पोर ज्यानं वढली त्याचा निकाल लावला. काल सांच्याला." आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून तो लाल टीशर्ट दाखवू लागला. पाठीवर पिंपळी गावच्या क्रिकेट टीमचं नाव छापलेलं होतं, त्यावरून त्यांनी त्याला हुडकलं होतं.

आवाज ऐकून नात पुढं आली. मोबाइलमध्ये डोकावली. कोणी तिला बाजूला घ्यायच्या आत म्हणाली, "हे काका! ह्यांनी मला दुकानात नेलं. बिस्किट दिलं. मी मम्मीचा नंबर सांगितला."

शाळेत त्यांना आईचा नंबर गाण्यासारखा पाठ करून घेतलेला. त्या पोरानं गर्दीत सापडलेली मुलगी बाहेर काढली, कापडाच्या दुकानात नेऊन बसवली, तिला नंबर विचारला आणि माझ्या लेकीला फोन लावला. लेक पोचेपर्यंत तो तिथंच थांबला होता. ती आली तेव्हा मुलगी तिच्या हवाली केली आणि पिकअपमध्ये भाजी भरलीय म्हणून निघून गेला. लेकीला त्या गडबडीत त्याचं नावही विचारायचं सुचलं नव्हतं. व्हिडिओ तिनं पाहिलाच नव्हता. कोण बघंल आपल्या बापाला मार खाताना?

पुतण्या पलंगाच्या कडेला बसला. मी विचारलं, किती मारलं? त्यानं थोडं थोडं सांगितलं. चौघं होते. पिंपळीच्या अलीकडं पिकअप अडवली, कुदळीच्या दांड्यानं मारलं, डावा हात मोडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. तो पोरगा सारखा "ऐकून घ्या, ऐकून घ्या" म्हणत होता. मी पुतण्याला म्हणालो, मी पण तेच म्हणत होतो.

डॉक्टर नको म्हणत असताना मी उठलो. दवाखान्याच्या कपड्यांतच लेकीच्या गाडीत बसलो, पुतण्याला मागं बसवलं आणि तो पोरगा ज्या दवाखान्यात होता तिथं गेलो. पुतण्या वाटेत म्हणाला, आबा, तितं मला मारतील. मी म्हणालो, मारू देत.

पोरगा झोपेच्या औषधाखाली होता. हात छातीशी बांधलेला, ओठ फुटलेला. चोवीस-पंचवीसचा असेल. बाहेर बाकावर त्याचे वडील बसले होते, माझ्याच वयाचे, पांढरी टोपी मांडीवर. मी सांगितलं मी कोण, हा कोण, आणि तुमच्या पोरानं काय केलं. त्यांना शेवटचं माहीतच नव्हतं. पोरानं घरी काही सांगितलं नव्हतं. ते उठले. पुतण्याच्या थोबाडीत त्यांनी एक मारली, मग दुसरी, मग पायातली चप्पल काढून खांद्यावर, पाठीवर, तोंडावर. पुतण्या हात खाली सोडून उभा राहिला. वॉर्डबॉय धावत आला, त्याला मी अडवलं. म्हातारे दमले तसे माझ्याकडं वळले. चप्पल वर होती. माझ्या डोळ्यावरची पट्टी त्यांनी बघितली, आणि हात वरच्या वर राहिला.

"तुमची पोर वाचवली," ते म्हणाले, "म्हणून माझं पोर मोडलं व्हय?"

लेक त्यांच्या पायांवर वाकली. त्यांनी पाय मागं घेतले.

पोरानं तक्रार दिली. ती मागं घ्या असं मी म्हणालो नाही, कोणाला म्हणूही दिलं नाही. पुतण्या आणि त्याचे तिघं आत गेले, जामिनावर सुटले, खटला चालू आहे. मला मारल्याच्या खटल्यातले बरेचसे आरोपी "अनोळखी इसम" आहेत. त्या बाईचा पत्ता लागला नाही. डब्याच्या पिशवीवाला व्हिडिओत पाठमोरा आहे. सुटून आल्यावर पुतण्या तिसऱ्या दिवशी पिंपळीला गेला आणि म्हणाला, तुमची गाडी बंद हाय, मी चालवतो. म्हाताऱ्यांनी त्याला दारातून हाकललं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. आठवडाभर असंच चाललं. शेवटी पोराच्या आईनंच किल्ली आणून दिली, कारण शेतात फ्लॉवर काढायला आला होता आणि न्यायला माणूस नव्हतं. पोराचा हात बरा होईपर्यंत पुतण्यानं त्यांची भाजी मार्केटला पोचवली. त्यांच्यात बोलणं झालं का ते मला ठाऊक नाही. हात मात्र पूर्वीसारखा वळत नाही. माझ्या डोळ्याचंही तसंच. त्या डोळ्याला माणसाचा आकार दिसतो, चेहरा दिसत नाही.

माझं बारामतीला जाणं बंद झालं. लेकीनं कामाच्या वेळा बदलून घेतल्या. दिवाळीला ती सगळी वरकुट्याला आली. एके सकाळी मी गोठ्याकडून येत होतो, तर खळ्यात पोरांचा कालवा चालला होता. नात आणि वस्तीवरची चार-पाच पोरं. त्यांनी एक जुनी उशी जमिनीवर टाकली होती आणि काठ्यांनी, पायांनी ती बडवत होते. कापूस बाहेर आला होता. नात सगळ्यांत पुढं होती. केस सुटलेले, दात आवळलेले. "मारा, मारा, धरा त्याला," ती ओरडत होती. तिच्या घशातून बाजारातला तोच आवाज येत होता.

मी तिथंच खाली बसलो. मला बघून पोरं पांगली. नात काठी टाकून उभी राहिली.

मग म्हणाली, "आबा, मी म्हणाले ना, कोणी नाही. म्हणून त्यांनी तुम्हाला मारलं."

म्हणजे इतके महिने एवढीशी पोर हे पोटात घेऊन फिरत होती. मी लपवलं म्हणून ते लपलं, असं मी समजत होतो. मी तिला जवळ ओढलं. ती ताठ राहिली, काठीसारखी.

"तू म्हणालीस म्हणून न्हाय," मी म्हणालो. "त्यांना मारायचंच व्हतं. तू हां म्हणाली असतीस तरी मारलं असतं."

हे खरं आहे का, मला माहीत नाही. तिनंही ते मानलं की नाही, कळलं नाही. पण तिचं अंग हळूहळू सैल पडलं आणि ती रडू लागली. खूप रडली. बायको आतून पळत आली, मी तिला हातानंच परत पाठवलं. रडून झाल्यावर नातीनं उशीतला कापूस गोळा केला आणि आजीकडं शिवायला दिला.

आता ती सुट्टीत वरकुट्याला येते तेव्हा मी तिला इंदापूरला नेतो. बारामतीला चला असं तीही म्हणत नाही, मीही नाही. इंदापुरात मला ओळखणारी माणसं आहेत. यष्टीतून उतरलं की पाच-सहा जण तरी रामराम घालतात. ती प्रत्येकाला सांगते, "हे माझे आबा आहेत." कोणी विचारलेलं नसतं. पहिल्यांदा कंडक्टरला सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, दिसतंयच की. मला मात्र खिडकीकडं तोंड करून बसावं लागलं. गर्दीच्या रस्त्यानं चालताना मी तिचं मनगट धरतो. एकदा मागं कोणीतरी मोठ्यांदा हाक मारली आणि मी ते इतकं आवळलं की संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांचे वळ तिच्या हातावर होते. घरी तिनं आजीला सांगितलं की बांगडी रुतली.

स्टँडजवळ एक भेळेची गाडी आहे. तिथं मी भेळ खातो ती भिंतीला पाठ लावून. मागं कोणी नसावं एवढंच. त्याचं कारण मी तिला कधी सांगितलं नाही. मागच्या खेपेला तिच्याबरोबर तिची चुलत बहीण होती, पहिल्यांदाच इंदापूरला आलेली, रस्त्याच्या मधोमध कागदाचा द्रोण घेऊन उभी. नातीनं तिचा हात धरून तिला मागं ओढलं आणि सांगितलं, "अगं, भेळ अशी खायची नसते. भिंतीला टेकून खायची." मग आम्ही तिघंही भिंतीला टेकून भेळ खाल्ली.